हाऊसगल्लीचे पाप

घरात उंदीर दिसला की आपण विचारतो, याला मारायचे कसे? तो कुठून आला, काय खाऊन इतका माजला, हे मात्र विचारत नाही, कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक असते. आपल्या शहरांतले उंदीर आपणच पोसलेले आहेत. रोज, दोन्ही वेळच्या जेवणानंतर, स्वतःच्या हाताने. पोसलेल्या उंदरांना मारण्याचे काम तेवढे आपण दुसऱ्यावर सोपवले आहे, आणि हा दुसरा कोण असावा हे जातीने आणि दारिद्र्याने आधीच ठरवून ठेवले आहे. घरातल्या उंदरांबद्दल मला लिहायचे आहे ते यासाठी.

मुंबईच्या जुन्या वस्त्यांत, गिरगावात, भायखळ्याला, डोंगरीत, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन इमारतींमध्ये एक अरुंद बोळ असतो. त्याला हाऊसगल्ली म्हणतात. शहरात गटारे नव्हती त्या काळात हलालखोरांनी मागच्या मागे यावे, संडासाच्या टोपल्या उचलाव्यात आणि मागच्या मागेच जावे, त्यांचे पाऊल पुढच्या दाराला लागू नये, यासाठी हे बोळ ठेवलेले. टोपल्या गेल्या, बोळ राहिले. त्यांच्यासोबत एक समजूतही राहिली, की या बोळात जे पडते ते आपले नव्हे आणि ते उचलणारा माणूसही आपला नव्हे. आज तिथून सांडपाण्याचे पाइप जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि उरलेला भात, माशांचे काटे, पोळ्यांचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, मुलांचे लंगोट खाली पडतात. टाकणारा हात कित्येकदा नुकताच देवाला फुले वाहून आलेला असतो. त्याच हाताने ओटा दोनदा पुसलेला असतो, उंबरठ्यावर रांगोळी काढलेली असते. घर आरशासारखे लख्ख आहे याचा त्या घराला अभिमान असतो आणि तो खोटाही नसतो. पण त्या स्वच्छतेची हद्द खिडकीच्या गजांपाशी संपते.

मोठ्या उंदराचे पोट दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास अन्नाने भरते. आपण टाकलेला मूठभर भात तीन-चार उंदरांची रात्र भागवतो. घरातली लहान उंदरी तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. खायला मिळत राहिले तर मारलेल्यांची जागा उरलेले भरून काढतात, हे उंदरांचा अभ्यास करणारे कधीपासून सांगत आले आहेत. मारण्यावर सगळा जोर द्यायचा आणि खाद्याकडे पाठ फिरवायची, तर हे काम पिढ्यान् पिढ्या संपणार नाही. ते संपलेले नाहीच.

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात मूषक संहारक असतात. इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेले हे काम. रात्री शहर जेवून झोपले की हे लोक एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन निघतात. हाऊसगल्ल्यांत, बाजारांच्या मागे, गटारांच्या कडेने हिंडतात. डोळ्यांवर उजेड मारला की उंदीर क्षणभर थबकतो; तेवढ्यात फटका बसला पाहिजे. एका रात्रीत 30 उंदीर मारायचे, हा नेम. ते भरले नाहीत तर पुढच्या रात्री भरून काढायचे, नाहीतर मजुरीला मुकायचे. सकाळी पिशवी उघडून मेलेले उंदीर मोजून द्यायचे. पदवी घेतलेली मुलेही या नोकरीसाठी अर्ज करतात, कारण दुसरी नोकरी मिळत नाही. या लोकांवर ‘द रॅट रेस’ नावाचा माहितीपट 2010 साली निघाला, त्याचे कौतुक झाले. कौतुक करणाऱ्यांच्या खिडकीखालच्या गल्लीत दुसऱ्या रात्री तो माणूस पुन्हा त्याच घाणीत उभा होता. त्याच्या डोक्यावर वरून कचरा पडतो, हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. तो खाली आहे हे ठाऊक असूनही वरून पिशव्या भिरकावल्या जातात.

त्या गल्लीतल्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते आणि त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. पायाला जखम असेल तर ते शरीरात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर पुढच्या आठवड्यांत हा रोग मुंबईभर पसरला. तेव्हापासून दर पावसाळ्यात ‘लेप्टोचे बळी’ अशी बातमी येते. हे बळी कोण असतात ते पाहा. हमाल, भाजीवाला, गटारसफाई करणारा, तुंबलेल्या रस्त्यातून अनवाणी कामावर निघालेली बाई. भात टाकणारा एका मजल्यावर राहतो आणि त्या भाताची किंमत चुकवणारा दुसरीकडेच मरतो.

घराच्या आतही हीच रीत आहे. हल्ली भरपूर खपतो तो गोंदाचा पुठ्ठा. स्वस्त, उंदराला हात लावावा न लागणारा, रक्त न दाखवणारा. उंदीर त्यावर चिकटतो आणि मरत नाही. सुटण्याच्या धडपडीत त्याची कातडी सोलली जाते. भुकेने, तहानेने, गुदमरून तो कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनी मरतो. रात्रभर त्याची चिरचिर ऐकू येते म्हणून लोक खोलीचे दार लावून घेतात. सकाळी कामाला आलेल्या बाईला सांगतात, “मावशी, तेवढं ते टाकून या.” मावशी तो जिवंत उंदीर पुठ्ठ्यासकट पिशवीत घालते, पिशवी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि शेवटी घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा या देशात 1960 पासून आहे. हे पुठ्ठे थांबवा, असे भारतीय पशु कल्याण मंडळाने राज्य सरकारांना कळवलेले आहे. तरी ते दुकानात खुले मिळतात, कारण आपण घेतो. उंदीर घरात नको, हे म्हणणे रास्त आहे. जोरदार स्प्रिंगच्या चापाने तो एका क्षणात मरतो, तेही मी समजू शकतो. जीव घ्यावाच लागला तर तो झटकन घेणे, एवढे तरी आपण त्या जिवाचे देणे लागतो. अहिंसा परमो धर्मः म्हणणाऱ्या घरांत हा पुठ्ठा पाहिला की माझा जीव कळवळतो.

पिंजरा लावणारे कोणते काम करतात, तेही लिहितो. जिवंत उंदीर धरलेला पिंजरा घेऊन ते पहाटे घराबाहेर पडतात आणि तो शेजारच्या झोपडपट्टीच्या तोंडाशी उघडतात. हत्या टळली याचे समाधान घेऊन परत येतात. तिथल्या पत्र्याच्या खोलीत फरशी नाही, दाराखाली फट आहे, बाळ जमिनीवर झोपलेले आहे, याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. मोठ्या सोसायट्या हेच पैसे मोजून करतात. ‘पेस्ट कंट्रोल’वाला येतो, या कुंपणातले उंदीर पलीकडच्या चाळीत जातात आणि सभेत त्याच्या बिलाला मंजुरी मिळते.

आणि विष. नळीतून निघणारे, बिस्किटाला किंवा पावाला फासून ओट्याखाली ठेवायचे ते मलम. त्यात 3 टक्के पिवळा फॉस्फरस असतो. रांगणारे मूल बिस्किट आणि आमिष यांत फरक करत नाही. विष पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस मूल बरे दिसू शकते, म्हणून आईबाप निर्धास्त राहतात. तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. मूल खेळते-बागडते आहे म्हणून थांबू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा. त्याहून बरे म्हणजे हे विष घरात आणूच नका. दुःखाने मन काळवंडलेला माणूस ज्या घरात असेल तिथे तर ते हाताशी असताच कामा नये. एवढी किंमत देऊन उंदीर जातात का? उंदीर नवे खाद्य आधी नुसते चाखतो, पोटात दुखले की पुन्हा शिवत नाही. ज्यांनी रक्त न गोठता चार-सहा दिवसांनी मरण येते त्या गोळ्या तो खातो, पण गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने तो मरणोन्मुख उंदीर खाल्ला तर तेही मरतात. अशुभ म्हणून घुबडाला आपण आधीच दगड मारतो. गाईचे दूध पिते या भाकडकथेवर धामणीला ठेचतो. शेताच्या बांधावर घुशींची बिळे खणून आपले धान्य वाचवणाऱ्या कातकऱ्याला, तो घूस खातो म्हणून, हिणवतो. उंदरांचे जितके वैरी निसर्गाने आणि समाजाने दिले, तितक्यांना आपण अंधश्रद्धेने आणि गर्वाने दूर केले.

या महाराष्ट्राला उंदरांनी दिलेला धडा साधा नव्हता. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळच्या वस्तीत, धान्याच्या वखारींच्या परिसरात, गोव्यात जन्मलेले डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेग ओळखला. वखारींत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा, आणि खेटून बांधलेल्या चाळींत माणसे. ‘उंदीर पडला’ एवढे ऐकले की घरे ओस पडत, लोक रानात झोपड्या घालून राहत. रोग पुण्यात आला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्याकडून हडपसरजवळच्या माळावर दवाखाना घालून घेतला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून तिथे आणले, आणि त्याच आजाराने 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ज्या मुलाला शिवायला बाकीचे तयार नव्हते त्याला त्यांनी पाठीवर घेतले. त्यांचे पुतळे आपण उभारले. त्यांची ही कृती मात्र पुतळ्यापुरतीच राहिली, कारण महारवाड्याच्या जागी आता झोपडपट्टी आली आणि तिथल्या उंदरांना आपण आपले मानत नाही.

शंभर वर्षांनी पुन्हा तेच. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, मग पिसवा वाढल्या, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आल्याची घोषणा झाली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यांत खानदेशातून गिरण्यांत आणि मागांवर पोट भरायला गेलेलेही होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उभे केले, कचरा टाकणाऱ्या हॉटेलांना दंड केला, झोपडपट्ट्यांत गटारे आणि फरसबंदी केली. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. म्हणजे हे होते. ते आपल्याकडे होत नाही, कारण आपल्याला ते हवे आहे असे आपण कोणालाही कधी बजावून सांगितलेले नाही.

2018 च्या मार्चमध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी विचारले, की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले हे खरे कसे मानायचे? सरकारकडून खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता. महाराष्ट्र त्यावर आठवडाभर हसला. हसण्यासारखे त्यात काय होते? राज्याचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीत इतक्या गोळ्या लागाव्यात एवढे खरकटे कोण टाकते, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. कंत्राटावर बोलून झाले आणि विषय मिटला.

घरातला उंदीर घालवणे अवघड नाही. करंगळी जाईल एवढे भोकही बंद करा. लहान उंदराला तेवढे पुरते. तारेची घासणी ठासून वरून काचेचा चुरा मिसळलेले सिमेंट भरा, ते त्याला कुरतडता येत नाही. नहाणीच्या मोरीला जाळी, दाराखाली पट्टी. धान्य पत्र्याच्या डब्यात. खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवू नका. चाप लावायचाच तर भिंतीला लागून लावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. आणि ओला कचरा झाकणाच्या डब्यात घालून खाली न्या. ही शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळे लोक आनंदाने करतात, कारण बाकीचे सगळे स्वतःच्या घरासाठी असते.

पावसाळ्यापूर्वी तुमच्या चाळीची, सोसायटीची सभा भरेल. गाड्यांच्या जागेवर तासभर भांडण होईल, रंगाच्या छटेवर अर्धा तास. त्या सभेत हाऊसगल्लीचा विषय घ्या, आणि सगळ्यांच्या समोर घ्या. वरून टाकणाऱ्याला दंड ठरवा, तो अध्यक्ष असला तरी वसूल करा. गल्लीची लादी आणि उतार नीट करायला वर्गणी काढा. तिथे उतरणाऱ्या कामगाराला गमबूट आणि हातमोजे मिळतात का, हे त्यालाच विचारा. मिळत नसतील तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाला सभेचा ठराव म्हणून लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या पालिकेच्या दवाखान्यात मिळतात. पहिले पाणी तुंबण्याच्या आधी त्याला त्या मिळाल्या का, तेही विचारा, आणि विचारताना त्याला त्याच्या नावाने हाक मारा.