हर्षद मेहता आपल्याला एवढा का आवडला?

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘स्कॅम १९९२’ ही वेब सीरिज आली आणि तिची धून अनेकांच्या मोबाइलची रिंगटोन झाली. हर्षदचे संवाद व्हॉट्सॲप स्टेटसवर झळकू लागले. लॉकडाऊनमुळे घरी बसलेले लाखो तरुण तेव्हा पहिल्यांदाच डीमॅट खाते उघडत होते. नेमक्या त्याच वेळी त्यांना बाजाराचा ‘हिरो’ म्हणून कोण भेटला? बँकांचा पैसा परस्पर शेअर्समध्ये फिरवणारा दलाल!

अशा पात्राला ‘अँटीहिरो’ म्हणतात. तो वागतो चुकीचेच, पण गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली जाते. त्यामुळे तो पकडला जाऊ नये, असे आपल्यालाही वाटत राहते. इथे तर तो चाळीत वाढलेला आणि समोर परदेशी बँकांतले सुटाबुटातले साहेब. प्रतीक गांधीचे ते मिश्कील हसू पाहिल्यावर मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्या कुणाची बाजू घेणार?

पण त्याने केले काय होते? बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत, दलाल मधे असे. रोखे पोचते करण्याआधी हाती आलेला पैसा त्याने शेअर्समध्ये ओतला. एसीसीचा शेअर २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास गेला. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी हे उघड केले आणि बाजार कोसळला. सीरिज बेतली आहे ती दलाल आणि देबाशिष बसू यांच्याच पुस्तकावर. तरी लोकांच्या लक्षात राहिला हर्षद.

याच घोटाळ्यात, दुसऱ्या दलालांच्या व्यवहारांत, पोकळ बँक पावत्या देणारी एक बँक होती आपल्या सातारा जिल्ह्यातली. बँक ऑफ कराड. १९९२ मध्येच ती अवसायनात निघाली. पै-पै साठवलेल्या बँकेचे दार असे बंद होते, तेव्हा ठेवीदाराच्या घरात काय चालते? तिकडे कॅमेरा वळत नाही.

सीरिज वाईट आहे, असे मी म्हणत नाही. मीही ती एका बैठकीत पाहिली. तिच्यात हर्षदची अटक आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. स्टेटसवर मात्र त्यातले काहीच आले नाही.

आणि बिघडलेला नायक आपल्याला काही नवा नाही. ‘दीवार’मधला (१९७५) विजय तस्करच होता. ‘वास्तव’मधला (१९९९) रघू गुंड होता. पण त्या सिनेमांत घरातच एक न्यायाधीश बसलेला असे: आई. विजयची आई त्याच्या पैशाचे घर सोडून जाते. रघूची आई, म्हणजे आपली रीमा, पोटच्या पोरावर स्वतः गोळी झाडते. ते पाहून थिएटरबाहेर पडताना रघू व्हावेसे कुणाला वाटत नसे.

आता निर्मात्याला पुढचा सीझन हवा असतो, मग नायकाला मारून कसे चालेल? ‘ॲनिमल’ (२०२३) संपता संपता पुढच्या भागाची झलक दाखवतो. ‘पुष्पा २’ तिसऱ्या भागाची घोषणा करूनच थांबतो. खऱ्या हर्षदला पुढचा भाग मिळाला नाही. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात, कोठडीत असतानाच त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता आणि अनेक खटले सुरूच होते.