शाळेतील विज्ञान व परीक्षेचे माप

जून महिना लागला म्हणजे पुस्तकांच्या दुकानी पालकांची गर्दी लोटते, आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाबरोबर त्याचे गाईड मागून घेतल्यावाचून त्यांतील फारच थोडे घरी परततात. ह्यात पालकांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मालास बाजारात भाव आहे तोच माल गिऱ्हाईक मागणार. महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानात 100 पैकी 80 गुण लेखी उत्तरांचे असतात. उरलेले 20 शाळेच्या हाती. तेव्हा लिटमस कागद तांबडा झालेला मुलाने डोळ्यांनी पाहिला की न पाहिला, ह्याची पंचाईत कोणी करावी? तो तांबडा होतो एवढे लिहिता आले म्हणजे झाले.

ह्यावर उपाय ठाऊक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (हल्ली नर्मदापुरम्) 1972 साली किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारच्या परवानगीने 16 माध्यमिक शाळांत एक प्रयोग आरंभिला. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग स्वतः करावे, जे दिसेल ते वहीत मांडावे, त्यावर वर्गात वाद घालावा, आणि निष्कर्ष आपल्याच बुद्धीने काढावा, अशी ती रीत होती. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या त्यांच्या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत, प्रश्न असत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुटी काढून खेड्यांतल्या गुरुजींबरोबर बसत. साहित्य म्हणाल तर काडेपेटीच्या काड्या व सायकलीच्या व्हॉल्व्हची नळी; अरविंद गुप्ता ह्यांची पुढे सर्वत्र गाजलेली खेळणी प्रथम ह्याच कामात जन्मली. मुलांच्या मनात येतील त्या शंका 'सवालीराम' नावाच्या एका कल्पित गृहस्थास पत्राने विचाराव्यात, आणि त्यांस उत्तर यावे, अशीही सोय होती. ही युक्ती आम्हांस सर्वांत अधिक आवडते.

पण खरी करामत परीक्षेत होती. लेखी परीक्षेस मुलाने पुस्तक व वही खुशाल जवळ ठेवावी, आणि त्याखेरीज प्रयोगाचीही परीक्षा द्यावी. पाठ करण्याचा लोभच त्यामुळे नाहीसा झाला. 1978 साली ही रीत जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेली, 1982 साली ती चालविण्यास 'एकलव्य' संस्था निघाली, आणि पुढे अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत तिचा विस्तार झाला. 2002 साली सरकारने ती बंद केली व त्या शाळांत राज्यभर चालणारेच पुस्तक आणविले.

ती बंद का पडली ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे, व राजकारणाचा भाग त्यात होता हे आम्ही नाकारीत नाही. तथापि आमच्या मते मूळ दुखणे निराळे आहे. आठवीपर्यंत मुलगा एका मापाने शिकला, आणि नववीपासून त्याला जुन्याच मापाने जोखले. दोन मापे ठेवणाऱ्या दुकानाची जी गत व्हावयाची ती झाली: गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. 'आमचा मुलगा बोर्डात मागे पडेल' ही पालकांची भीती अडाणीपणाची नव्हती, हिशेबाची होती.

आपल्या इलाख्यातही कामे झाली आहेत. 1974 साली मुंबईत निघालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने खानदेशात खिरोद्याच्या परिसरातील शाळांत काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ह्यांनी मराठी विज्ञानपुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा मुलांचे आकलन वाढलेले आढळले. गरिबाच्या मुलाला विज्ञान जड जाते असे जे आपण सहज म्हणून टाकतो, त्यातले पुष्कळसे जडपण पुस्तकाच्या संस्कृतप्रचुर वाक्यांचे असते. (वर्तमानपत्रकारांनीही हे ध्यानात घ्यावे, असे कोणी म्हटल्यास आमच्याजवळ उत्तर नाही.)

आता 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब निघत आहेत. निवडलेल्या शाळेस 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, व त्रिमितीय मुद्रणाची यंत्रे येतात. यंत्रांशी आमचे वैर नाही. परंतु परीक्षेची तागडी आहे तशीच ठेवून प्रयोगशाळेवर पैसा ओतणे म्हणजे उतारूंना तिकीट न देता आगगाडी रंगविणे होय. प्रश्नपत्रिकेत मुलाने पूर्वी न पाहिलेल्या निरीक्षणांचा तक्ता द्यावा व त्यावरून काय ठरते ते विचारावे. प्रयोगाचे गुण बाहेरच्या परीक्षकाने प्रयोग पाहून द्यावे. शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसून आपल्या अडचणी बोलू द्याव्या. ह्यांपैकी एकाही गोष्टीस 20 लाख लागत नाहीत.

बोर्ड हे कधी करील ते करो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि ते पालक आमच्या वाचकांतही आहेत. पुढच्या सभेत त्यांनी एवढेच विचारावे की, ह्या वर्षी सहावीच्या मुलांनी आपल्या हाताने किती प्रयोग केले, आणि साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते.