हात न लावता तपासणी: सोय कुणाची?



गेल्या वर्षी आमच्या वस्तीत स्तनांच्या तपासणीचं शिबिर झालं. पत्रकावर ठळक छापलं होतं : ‘दुखणार नाही, क्ष-किरण नाहीत, कुणी हात लावणार नाही!’ बाईनं धातूची नळी हातात धरायची, स्तनावरून यंत्र फिरवायचं, पडद्यावर चित्र उमटणार. चाळिशीच्या एका बाईला गाठ लागत होती. ‘चित्र स्वच्छ आहे,’ म्हणून तिला घरी धाडलं. ती माझ्याशी बोलली म्हणून पुढची तपासणी झाली. गाठ कॅन्सरची निघाली.

या तंत्राला माझा विरोध नाही. कॅन्सरच्या गाठीतून वीज निरोगी भागापेक्षा सहज वाहते. अगदी सौम्य प्रवाह सोडून हा फरक टिपता येतो. तरुण बाईच्या घट्ट स्तनात मॅमोग्राफीला गाठ हुडकणं अवघड जातं, तिथे जोडीला आणखी काही हवंच. पण जोडीला! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली ‘टी-स्कॅन २०००’ या यंत्राला परवानगी दिली, ती मॅमोग्राफीचा निष्कर्ष संदिग्ध असेल तेव्हा पूरक म्हणून. मॅमोग्राफीच्या जागी नव्हे.

मग ‘हात लावणार नाही’ याचीच जाहिरात का? कारण इथे आपली लाज विकली जाते. ज्या लाजेपायी बाई गाठ लपवते, तिलाच हे शिबिर गोंजारतं. नवराही खूश!

आता हातांची ताकद पाहा. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. नव्या तंत्रानं आपली लायकी सिद्ध करावी ती तिथे. वस्तीतल्या बायकांना खोटा दिलासा देऊन नव्हे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकीची स्तन-तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आपल्या आरोग्य केंद्रात ती होते का? गटागटाने जाऊन विचारू या. आणि यंत्र घेऊन कुणी आलं तर ठणकावून सांगू या : हाताला गाठ लागली, तर चित्र काहीही म्हणो, सुईची तपासणी झालीच पाहिजे!