मग खारूताईने काय केले?

"आई, गोष्ट सांग ना! पुस्तकातली नको, तोंडाची."

ऑफिस, बस, स्वयंपाक आणि ओटा आवरून मी नुकतीच अंथरुणावर टेकले होते. साडेचार वर्षांची लेक मात्र टक्क जागी! सासूबाई होत्या तोवर हे खाते त्यांच्याकडे होते. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि तोंडाच्या गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. चिऊ-काऊ आणि भोपळ्यातली म्हातारी आठवडाभरातच संपले. एकदोनदा तिच्या हाती मोबाइल देऊन पाहिला. ती बघत राहिली, पण झोपली नाही.

शेवटी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहून सुरुवात केली, "या झाडावर एक खारूताई राहते. तिचं एक छोटंसं पिल्लू आहे..."

ते पिल्लू शेंगदाणे लपवून ठेवायचे आणि कुठे लपवले तेच विसरायचे. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा! पण लेक खुदकन हसली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच गोष्ट मागू लागली.

एके रात्री मी पिल्लाला शाळेत घातले. "मग त्याने डबा खाल्ला, पाणी प्यायलं..."

"नाही आई, ते शाळेत पाणी पीतच नाही."

"का ग?"

"पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. तिथली कडी आतून उघडत नाही. ते एकदा आत अडकलं होतं."

माझ्या काळजात धस्स झाले. महिनाभर तिची पाण्याची बाटली भरलेलीच परत येत होती आणि मी रोज रागवत होते. 'पाणी का पीत नाहीस?' या माझ्या प्रश्नाला तिने एकदाही उत्तर दिले नव्हते. ते खारीच्या पिल्लाने दिले! दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन बाईंना भेटले. कडी दुरुस्त झाली. तोपर्यंत आयाबाई दाराशी उभ्या राहू लागल्या. गोष्टीतल्या शाळेची कडी त्या रात्री सुतारपक्ष्याने येऊन नीट केली.

मला कुठे गोष्टी रचता येतात?

माझ्या कितीतरी मैत्रिणी असे म्हणतात. पण त्यासाठी लेखिका असावे लागत नाही. स्वीडनमधील अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची मुलगी १९४१ मध्ये आजारी होती. 'पिपी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग,' असे म्हणून तिने एक विचित्र नाव जागच्या जागी तयार केले. आईने त्या नावावरूनच गोष्ट रचली. तिचे पुस्तक पुढे १९४५ साली निघाले. म्हणजे पहिला धागा मुलीनेच दिला होता. आपली मुलेही तो देतात, फक्त आपले लक्ष हवे.

नायक ओळखीचा घ्या. गॅलरीतले कबूतर, गल्लीतली मांजर किंवा हरवलेला मोजासुद्धा चालतो. त्याला आपल्या मुलाचे नाव मात्र देऊ नका. दुसऱ्याच्या आडून बोलणे मुलांना सोपे जाते. मध्येच थांबून 'मग काय झालं असेल?' असे विचारा आणि मुलाने सांगितलेले उत्तर गोष्टीत घ्या.

तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. मुंबईत १८६५ साली जन्मलेले रुडयार्ड किपलिंग आपल्या मुलीला गोष्टी सांगत, तेव्हा एक शब्दही इकडचा तिकडे झालेला तिला चालत नसे. 'अगदी अशीच' सांगा, हा तिचा हट्ट. म्हणूनच १९०२ मध्ये आलेल्या पुस्तकाचे नाव 'जस्ट सो स्टोरीज' पडले. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मुलाला निर्धास्त वाटते आणि निर्धास्त मूल लवकर झोपते.

शेवटी उपदेशाची शेपटी जोडू नका. 'बघ, तूही असाच दूध सांडतोस!' असे म्हटले की गोष्ट संपते आणि शिकवणी सुरू होते. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधील शिक्षक पहिल्या दिवशी वर्गाला शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि फजीत होतो. तीच मुले गोष्ट सुरू होताच गप्प बसतात. 'झोप मुकाट्याने!' या हुकमाचेही तसेच आहे.

झोपताना राक्षस आणि पाठलाग नकोत. दिवा मंद करा, आवाज हळूहळू खाली आणा. शेवटी खारूताईही आपल्या घरट्यात झोपू द्या. दहा मिनिटे पुरतात.

आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांत आणखी एक लाभ होतो. दिल्लीत दिवसभर हिंदी बोलणारी माझी लेक त्या दहा मिनिटांत 'ढोली', 'टरफल', 'रुसणे' असे शब्द सहज उचलते.

हे काम फक्त आईचेच आहे, असेही नाही. परवा मला घरी यायला उशीर झाला. दार उघडून पाहते तर आतून आवाज येत होता, "आणि मग बाबा, खारूताईने काय केलं सांगू?"

बाबा केव्हाच घोरत होते. गोष्ट सांगणारी मात्र टक्क जागी होती!