चेहरा आमचा, यादी कुणाची?

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी लिंडसे चिझिक यांनी ब्रिटनमध्ये चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची धुरा खांद्यावर घेतली. त्यांच्या बाजूचा मुख्य आधार म्हणजे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीची २०२३ सालची चाचणी. जुळणीची पातळी पुरेशी कडक ठेवली, तर गोऱ्या-काळ्यांत यंत्र लक्षणीय भेद करीत नाही, असे ती सांगते. मान्य! पण ही पातळी ठरवणार कोण? पोलीसच. परीक्षार्थ्यानेच उत्तीर्णतेचे गुण ठरवावेत, असा हा न्याय.

२०१७ मध्ये कार्डिफच्या फुटबॉल सामन्याच्या वेळी साउथ वेल्स पोलिसांच्या यंत्राने २,४७० वेळा ‘हाच तो’ म्हटले. त्यांपैकी २,२९७ वेळा तो ‘तो’ नव्हताच. पुढे २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्या पोलिसांचा हा वापर बेकायदा ठरवला. यादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरा कोठे लावायचा, हे पोलिसांच्या मर्जीवर सोडले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण.

हे दूरदेशीचे गाऱ्हाणे नव्हे. २०२१ मध्ये हैदराबादेत एका कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात अडवून, मास्क उतरवायला लावून त्याचे छायाचित्र घेतले. त्याला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

चोर जरूर पकडा. पण सभेला, मोर्चाला जाणारा प्रत्येक जण चोर नव्हे. यादी, पातळी आणि जागा यांचे नियम विधिमंडळाने करावेत, तपासणी न्यायालयाने करावी. अधिकारी सज्जन आहे, एवढ्यावर नागरिकाने विसंबू नये. अधिकारी बदलतो, यादी मागे राहते.