आधी वाचून दाखवा

विज्ञानकथांचे नवे पुस्तक आले की आपण प्रकाशक मंडळी काय करतो? सभागृह ठरवतो, अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक आणि पाहुणे म्हणून एक शास्त्रज्ञ बोलावतो. चकचकीत कागद सोडवून पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरले जाते आणि पुढच्या दीड तासात त्यातला एक परिच्छेदही कुणी वाचत नाही. बाहेरच्या टेबलावर सवलतीत जातात त्या प्रती बहुधा लेखकाच्या नातेवाइकांनी घेतलेल्या असतात. बाकीचे गठ्ठे ग्रंथालयांच्या खरेदीची वाट पाहतात.

नाशिककरांनी याचा विचार करावा, याला कारण आहे. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकच्या आडगावला 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपद शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांकडे होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, हा भाग वेगळा. मे 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानकथेला संमेलनाच्या अध्यक्षपदाहून मोठे व्यासपीठ मराठीत नाही. पण व्यासपीठ मिळाले म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे होत नाही. संमेलनाच्या ग्रंथदालनात विज्ञानकथेचा वाचक ज्योतिष, पाककृती आणि स्पर्धा परीक्षांच्या गाळ्यांमधून एकटाच हिंडत असतो. त्याच्यासारखे आणखी दोनशे जण त्याच मांडवात असले तरी त्याला ते कळायचे कसे?

नारळीकरांची सुरुवात मात्र व्यासपीठावरून झाली नव्हती. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून बेतलेले हे नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. बक्षीस मिळाले ते कथेला. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या कथेची दखल घेतली. कथा आधी पोचली, नाव मागून आले. आपले प्रकाशन समारंभ नेमका उलटा क्रम लावतात.

परदेशात विज्ञानकथेच्या चाहत्यांची स्वतंत्र संमेलने भरतात. त्यातले पहिले जागतिक संमेलन 1939 मध्ये न्यूयॉर्कला झाले. तिथे वाचक वर्गणी भरून सभासद होतो, 1953 पासून दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी मतही तोच देतो आणि मांडवातली कामेही हौसेने तोच करतो. सत्काराला फारसा वाव नसतो. नवे पुस्तक घेऊन आलेला लेखक अर्धा तास वाचतो. मग एखाद्या टेबलाभोवती आधी नाव नोंदवलेले दहाएक वाचक कॉफी घेत त्याला हवे ते विचारतात. चर्चेत बसला की पुस्तक समोर उभे करून ठेवायला त्याला मुभा असते, पण दर वाक्यागणिक आपल्याच कादंबरीवर येणारा लेखक श्रोत्यांच्या मनातून लगेच उतरतो. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर जो रंगून बोलतो, त्याचे पुस्तक लोक आपणहून चाळायला घेतात.

‘आपल्याकडे असे चाहते आहेत कुठे?’ हा नेहमीचा प्रश्न. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून ज्यूल व्हर्न वाचलेली पिढी आहे, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकरांची पुस्तके पुन्हा पुन्हा नेणारे वाचक आहेत. ते कोण, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. नाशिकला तर 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय (‘सावाना’) आहे. ‘सावाना’च्या देवघेव खिडकीशी तासभर बसलात तरी जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेटीत नव्या पुस्तकाची एक प्रत गेली तर ती घरोघर फिरते. फुकट वाटलेल्या परीक्षण प्रतींपेक्षा ती केव्हाही बरी. तरुण वाचकाचे मात्र अवघड आहे. तो विज्ञानकथा पडद्यावर पाहतो आणि वाचलीच तर इंग्रजीत. त्याच्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयातच जावे लागेल.

वाचायचे काय, यावरही थोडे. लेखक हमखास आपले विज्ञान समजावणारे पान निवडतात. कृपा करून ते नको. पात्र अडचणीत सापडते तिथून सुरू करा, दहा मिनिटे वाचा आणि उकल व्हायच्या आत पुस्तक मिटा. पुस्तके दाराबाहेर ठेवू नका, खोलीतच ठेवा. सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही हाताशी असू द्या. स्वाक्षरीच्या रांगेतल्या वाचकाला नाव विचारता तेव्हा शेवटचे काय वाचले हेही विचारा आणि वहीत टिपून ठेवा. पुढच्या पुस्तकाची यादी तिथेच तयार होते.

नाशिकमध्ये अशी एक दिवसाची बैठक दोन-तीन प्रकाशकांनी मिळून करावी, असे आम्हाला वाटते. शाल-श्रीफळाच्या पैशांत दुपारच्या चहा-नाश्त्याची सोय होईल. वाचकांकडून शंभर रुपये शुल्क जरूर घ्यावे, आणि पुस्तक घेतल्यास ते किमतीतून वजा करावे. फुकटच्या कार्यक्रमात पुढच्या रांगा कोण भरतात आणि चहानंतर किती जण उरतात, हे आपल्या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको.