मनीषनगरने एकच लिनक्स निवडावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट बंद केली. मुदतवाढीची योजना आहे, पण घरगुती ग्राहकाला ती वर्षभरच पुरते. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर ते नाकारते. आपल्या फ्लॅटमधले, सोसायटीच्या कार्यालयातले, शिकवणी वर्गांतले, अभ्यासिकांतले किती धडधाकट संगणक यामुळे भंगारात जाणार? विंडोजऐवजी लिनक्स टाका, असे सगळेच सांगतात. कोणते टाकायचे, इथे मात्र गाडी अडते. हा निर्णय नागपूरच्या आपल्या मनीषनगरने मिळून घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

१. आधी आजची स्थिती पाहू. संगणक अडला की दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ म्हणायचे, ही आपली रीत. अनेकदा टाकले जाते ते क्रॅक केलेले विंडोज, आणि क्रॅक चालावा म्हणून आधी अँटीव्हायरस बंद केला जातो. त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, आधारची प्रत पाठवतो, मुलांचे प्रवेश अर्ज भरतो. कोणी बनवली हे ठाऊक नसलेल्या फाइलच्या हाती सगळा ताबा देणे याला काटकसर म्हणायचे आता थांबवा.

२. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा वाण, ही ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब, असे जाणकार म्हणतात. जाणकारांपुरते ते खरे आहे. पण ज्यांना रात्री प्रिंटर बंद पडल्यावर शेजारच्या पोराला हाक मारावी लागते, त्यांचे काय? सर्व डिस्ट्रोंचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सच. फरक पडतो तो सॉफ्टवेअर कुठून येते आणि अपडेट किती वर्षे मिळतात यात. फेडोरा या डिस्ट्रोच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात. अभ्यासिकेत दर वर्षी सगळे संगणक नव्या आवृत्तीवर न्यायला माणूस कोण ठेवणार? उबुंटू २४.०४ वर आधारलेले लिनक्स मिंट २२ मात्र २०२९ पर्यंत चालेल. चार जीबी रॅममध्ये त्याची एक्सएफसीई आवृत्ती नीट चालते, आणि खालच्या पट्टीवरचा मेनू विंडोजवाल्याला परका वाटत नाही. डेबियन ही डिस्ट्रो मला अधिक भावते. तरीही वस्तीसाठी मी मिंटच सुचवीन. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर आपण वर्षानुवर्षे खोळंबलो, तेव्हा तो प्रश्न कुणा एका घराचा नव्हता; हाही नाही. एका घरात सापडलेला उपाय पुढच्या शंभर घरांत जसाच्या तसा लागू पडावा, हाच निवडीचा पहिला निकष हवा.

३. खरी जोखीम त्यानंतर सुरू होते, सॉफ्टवेअर बसवताना. गुगलवर नाव शोधायचे, पहिल्या दुव्यावरून सेटअप उतरवायचा, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करायचे, ही विंडोजची सवय लिनक्सवर आणू नका. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. तिथली मूळ पॅकेजे डिस्ट्रोच्या भांडारातून येतात, त्यांची डिजिटल सही तपासली जाते आणि अपडेटही एकाच जागेहून मिळतात. भांडाराबाहेरून येणारे फ्लॅटपॅक हे पॅकेज हवेच असेल तर ज्याची ओळख पडताळलेली आहे तेच घ्या. मिंट २२ पडताळणी नसलेली फ्लॅटपॅक मूळ सेटिंगमध्ये दाखवत नाही. व्हिडिओत दिसलेली, सर्वाधिकार देणाऱ्या ‘सुडो’ची ओळ न समजता टर्मिनलमध्ये चिकटवणे म्हणजे संगणक परक्याच्या स्वाधीन करणे. लिनक्सला धोका नसतो, हा भ्रमही सोडा. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआर या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात फायरफॉक्सच्या नावाशी जुळणारी घातक पॅकेजे सापडली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत पेरलेले चोरदार अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चिकाटीमुळे उघड झाले. डेबियनच्या चाचणी शाखांत ते पोहोचले होते, स्थिर आवृत्तीत नाही. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटचे संकेतस्थळ फोडून तिथे बनावट आयएसओ फाइलीचा दुवा ठेवला गेला होता. म्हणून उतरवलेल्या फाइलची सही आणि चेकसम तपासलीच पाहिजे. नवीनतमचा हव्यास सोडून स्थिर आणि तपासलेले घेणे हे इथे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

४. अडचणी लपवू नयेत. टॅली विंडोजवरच चालते. निविदा आणि जीएसटीसाठीच्या डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सवर कधी कधी झगडावे लागते. श्रीलिपी, कृतिदेवातला जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. ज्याचे पोट टॅलीवर आहे त्याने त्या एका संगणकावर परवान्याचे विंडोज ठेवावे. मात्र एका टेबलाच्या गरजेसाठी अभ्यासिकेतले सगळे संगणक भंगारात काढणे कोणत्या हिशेबात बसते?

५. केरळने हे करून दाखवले आहे. ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प आणि त्यातून झालेली ‘काइट’ संस्था यांनी राज्यभरच्या शाळांसाठी उबुंटूवर आधारित एकच लिनक्स तयार केले आणि शिक्षकांना त्याच्यावर शिकवले. आपल्याकडे? सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात. सी-डॅकनेच २००७ मध्ये बॉस लिनक्स आणले, त्यात मराठीही आहे. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे केंद्राचे धोरण २०१५ चे. तरी एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून आपली पिढी विंडोज आणि एमएस ऑफिसच शिकली. धोरण कागदावर राहिले याची जबाबदारी शासनाची आहे, आणि त्याबद्दल एकदाही विचारले नाही याची आपली.

६. सुरुवात एका सोसायटीपासून, एका अभ्यासिकेपासून व्हावी. आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण बसवताना चुकीचे बटण दाबले तर डिस्क कोरी होते. मग पेन ड्राइव्हवरून मिंट न बसवताच चालवून पाहा: वाय-फाय लागते का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा दिसतो का, इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकता येते का. नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले लिनक्स शिकतात. महिन्यातून एक रविवार त्यांना सोसायटीच्या सभागृहात बोलवा, येण्या-जाण्याचा खर्च द्या. दुरुस्तीच्या दुकानदारालाही त्याच्या कामाचे पैसे द्या, आणि बिलावर काय टाकले ते लिहून मागा. जो ते लिहायला कचरेल, त्याच्याकडे पुन्हा संगणक नेऊ नका.